नवी चाके, जुना रस्ता

वाचकहो, या सदरातून आम्ही घरादाराच्या, पोराबाळांच्या, रेशनच्या नि दवाखान्याच्या पुष्कळ गोष्टी लिहिल्या. पण आमच्या सायकलीविषयी लिहायचे मात्र टाळत आलो. कारण साधे आहे. आपल्या वस्तीत सायकल ही कौतुकाची वस्तू नाही. तिच्यावर दूध येते, पेपर येतो, गवंडी थापी नि ओळंबा पिशवीत घालून तिच्यावरच कामावर जातो. अशा ठिकाणी "आम्ही हौसेने सायकल चालवतो" असे कोणी म्हटले, तर ऐकणारा आधी आपल्या तोंडाकडे पाहतो नि मग पायांकडे. आमचेही तसेच झाले. परंतु गेल्या काही महिन्यांत या सायकलीच्या चाकांवरून आमच्या घरात जे घडले ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

आम्ही रामदासपेठेतील एका दवाखान्यात रात्रपाळीला वॉर्डबॉय आहोत. रामदासपेठ म्हणजे दवाखान्यांची पेठ. बर्डीपासून हाकेच्या अंतरावर, पण सारा कारभार औषधांचा नि रुग्णवाहिकांचा. राहायला आम्ही रामबागेत. सात वर्षांपूर्वी तेथल्या एका डॉक्टरसाहेबांनी आपली जुनी रेसची सायकल विकायला काढली. वाकड्या हँडलची, बारीक टायरची, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, स्टँडसुद्धा नाही. हप्त्याहप्त्याने पैसे फेडून आम्ही ती घेतली. तेव्हापासून आठवड्याची सुट्टी मंगळवारी असली की पहाटे पाचला निघायचे. कधी वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत, कधी अमरावती रोडने वाडीच्या पुढे. वय सत्तेचाळीस, शर्यत कसली जिंकणार! पण रात्रभर स्ट्रेचर ढकलणाऱ्या माणसाला स्वतःच्या पायाने तीस किलोमीटर मोकळे जाऊन येणे म्हणजे काय, ते त्यालाच ठाऊक.

आपल्या नागपूरचेच डॉ. अमित समर्थ २०१७ साली अमेरिकेत समुद्रापासून समुद्रापर्यंतची 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही एकट्याने चालवायची शर्यत बारा दिवसांच्या आत पुरी करून आले. अंतर सुमारे ४८०० किलोमीटर. पुढच्याच वर्षी त्यांनी रशियातील ट्रान्स-सायबेरियन शर्यत पुरी केली, ती तर ९००० किलोमीटरांहून मोठी. त्यानंतर पहाटेच्या वर्धा रोडवर हेल्मेट घातलेली माणसे जास्त दिसू लागली असे आम्हाला वाटते. त्यांच्या सायकली आमच्यापेक्षा पुष्कळ भारी असतात, हे सांगायला नको.

तर चाकांची गोष्ट. आमच्या सायकलीचा ब्रेक रिमवर लागतो. ब्रेकचे रबरी गुटके वर्षानुवर्षे रिमच्या बाजूला घासतात, त्याबरोबर रिमही झिजते. एक दिवस बोट फिरवले तर रिमची कड आत खोल गेलेली, थाळीसारखी. अशी रिम पातळ होत होत एखाद्या दिवशी हवेच्या दाबाने फाटू शकते. म्हणजे काही तरी करणे भागच होते. पण खरे सांगायचे तर नुसत्या रिमा बदलल्या असत्या तरी तीन-साडेतीन हजारांत भागले असते. आम्ही घेतली नवी कोरी अॅल्युमिनियमची चाके, साडेअकरा हजारांची. नेमकी भिशी लागली होती. हौस माणसाला हिशेब शिकवत नाही, सबबी शिकवते.

खोके घरात आले तेव्हा पोरांची आई शिलाई मशीनवर बसली होती. ती ब्लाउज शिवते. महिन्याचा किराणा बहुतेक तिच्याच पैशातून येतो. तिने खोक्याकडे पाहिले, मग ओसरीत भिंतीला टेकलेल्या मुलाच्या सायकलीकडे पाहिले. म्हणाली, "पोराची सायकल तीन महिन्यांपासून भिंतीला उभी आहे अन् तुम्ही चालत्या सायकलचे चाकं बदलून राहिले?"

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. मुलगा आयटीआयला जातो. त्याच्या सायकलीचा मागचा एक्सल तुटला होता. तो पायी जायचा, कधी मित्राच्या गाडीवर मागे बसून जायचा. "पुढच्या पगारात करू" असे आम्ही तीनदा म्हणालो होतो. काम किती? पाच-सहाशे रुपयांचे. मुलगा मात्र काही बोलला नाही. उलट खोके उघडून चाक हातात घेऊन म्हणाला, "बाबा, किती हलकं आहे हो!" त्याच्या त्या न बोलण्यानेच आम्हाला अधिक लागले.

चाके बसवायला तोच आमच्या मदतीला. मागच्या चाकावर दातेरी चकत्यांचा गठ्ठा असतो, त्याला कॅसेट म्हणतात. डॉक्टरसाहेबांकडून पाना आणून तो जुन्या चाकावरून काढला नि नव्यावर चढवला. घट्ट आवळला, तरी गठ्ठा खुळखुळतच राहिला. गिअर टाकला की साखळी भलत्याच दात्यावर. दोन तास डोके खाजवले. मग कळले ते असे: नवी चाके अकरा चकत्यांच्या हिशेबाने बनवलेली, आमचा गठ्ठा नऊ चकत्यांचा, मधे पावणेदोन मिलिमीटरांहून किंचित जाड अशी एक कडी घालावी लागते. ती चाकांच्या खोक्यातच येते. खोके पालथे केले, कडी नाही. अखेर धाकटी म्हणाली, "ती होय? ती तर माझ्या बाहुलीचा मुकुट आहे." बाहुलीच्या डोक्यावरून मुकुट उतरवला तेव्हा कुठे गिअर ठिकाणावर आले. कोणी वाचक असे चाक घेणार असेल तर त्याने खोक्यातला कागदाचा कपटाही आधी तपासावा.

पहिल्या मंगळवारी पहाटे दवाखान्यावरून थेट निघालो. गेटवरचा चौकीदार म्हणाला, "जयभीम भाऊ, आज काय नवीन?" आम्ही नुसते चाक फिरवून दाखवले. लोकमत चौकातून वर्धा रोडला लागलो. पहिल्या शंभर-दीडशे मीटरातच चाकातून 'टिंग, टिंग' असे आवाज. आमच्या पोटात गोळा आला. वाटले, तारा तुटताहेत. उतरून पाहिले तर सगळ्या जागेवर. तार आवळताना तिला थोडा पीळ बसतो नि पहिल्यांदा वजन पडले की तो पीळ सुटतो, त्याचा तो आवाज. दोन-चार किलोमीटरांत थांबला.

अजनीच्या पुढे तीन किलोमीटरांहून लांब असा दुमजली पूल आहे. वर मेट्रो, मधे मोटारी, खाली आपण. पहाटे त्याच्या सावलीत रस्ता रिकामा असतो. तेथे आम्ही जोर लावला नि सायकल अशी सुटली, की वाटले दहा वर्षांनी तरुण झालो. सिग्नलवरून निघताना तर फरक लगेच जाणवे. खापरीपर्यंत आम्ही मनातल्या मनात पोरांच्या आईला उत्तर तयार करत होतो.

पुढच्या आठवड्यात शांत डोक्याने हिशेब केला. जुनी दोन्ही चाके मिळून २ किलो ३०० ग्रॅम, नवी १ किलो ७५०. फरक साडेपाचशे ग्रॅमचा. आता आमचे वजन, सायकल, पाण्याची बाटली, पंप सगळे धरून ८० किलो. त्यात साडेपाचशे ग्रॅम म्हणजे शेकडा एकसुद्धा नाही. सेमिनरी हिल्सचा चढ आम्हाला पाच मिनिटे घेतो. या हिशेबाने वाचले किती, तर दोन सेकंद! रिमचे वजन फिरते, म्हणून वेग घेताना ते जवळजवळ दुप्पट मोजावे लागते हे खरे. सिग्नलवरून निघताना जाणवले ते थोडेफार तेच. पण एकदा वेग धरला की त्याचा लाभ संपतो. सपाट रस्त्यावर ताशी पंचवीसच्या वर आपली बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते, आणि वाऱ्याला आपल्या छातीची रुंदी दिसते, चाकाची किंमत दिसत नाही. थोडे खाली वाकून, कोपरे आत घेऊन चालवले तर त्याहून जास्त फायदा होतो आणि त्याला दमडी लागत नाही.

मग सायकल खरेच सुखाची का वाटत होती? ते श्रेय निघाले टायरांचे. नव्या रिमा जरा रुंद, म्हणून आम्ही २५ मिलिमीटरच्या जागी २८ चे टायर घातले. फ्रेममध्ये बोटभर फट उरते की नाही ते आधी पाहिले होते. पूर्वी आम्ही शंभर पौंड हवा भरत असू, चाक दगडासारखे झाले म्हणजे पळते या समजुतीने. आता मागे ८० नि पुढे ७५ ठेवतो. टायर खडबडीवर थोडा दबतो, उसळत नाही, आणि उसळी वाचली की ताकदही वाचते. आजकाल शर्यतीतली माणसेही रुंद टायर नि कमी हवा याकडे वळली आहेत, ते काही उगीच नाही.

आपल्या नागपूरचे रस्ते सिमेंटचे झाले आहेत. खड्डे कमी झाले हे मान्य. पण सिमेंटच्या दोन पट्ट्यांमधे उभी फट असते, आणि कडेला पट्टी नि गट्टू यांच्यात उंचीचा फरक. मोटारीला ते कळत नाही. बारीक टायरच्या सायकलीला ती फट म्हणजे रेल्वेचा रूळ. दोन वर्षांपूर्वी दवाखान्यातून बाहेर पडताना आमचे २५ चे चाक अशा फटीत गेले नि आम्ही उताणे. मागून ऑटो होता. त्याने वेळीच ब्रेक मारला म्हणून हे सदर अजून चालू आहे. आता २८ च्या टायरवर धीर वाढला आहे, तरी फट दिसली की आम्ही तिला तिरपे ओलांडतो, तिच्या सोबतीने कधी जात नाही. साध्या सायकलीने शाळेत जाणाऱ्या मुलांनाही हे दाखवून द्यावे.

हवेचाच विषय निघाला तर एक गोष्ट सांगून टाकतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. सकाळी गारव्यात ८० पौंड भरलेली ट्यूब दुपारी उन्हात सात-आठ पौंडांनी फुगते. तेवढ्याने चांगला टायर फुटत नाही. फुटतो तो कडा गेलेला, दोरे निघालेला. तेव्हा "उन्हाने ट्यूब फुटली" म्हणताना आधी टायर उलटून पाहावा. आणि हवा दर आठवड्याला भरावी. रबरातून ती हळूहळू झिरपतेच, पंक्चर नसले तरी.

हे सगळे ठीक चालले असता तीनशे किलोमीटरांनंतर मागचे चाक डोलू लागले. ब्रेक दाबला की एका ठिकाणी खर्र, खर्र. आउट पडला होता. साडेअकरा हजारांच्या चाकाला दीड महिन्यात आउट! ज्या दुकानातून घेतले त्याने सांगितले, ठेवून जा, आठ दिवस लागतील. आठ दिवस म्हणजे एक मंगळवार गेलाच. शिवाय दुकान दूर. तेव्हा आम्हाला काचीपुऱ्याच्या बाजूला झाडाखाली बसणारा म्हातारा मिस्त्री आठवला. रामदासपेठेतल्या दवाखान्यांत नि बंगल्यांत कामाला येणाऱ्या सगळ्या मामी, मावश्या, चौकीदार यांच्या सायकली त्याच्याच हातच्या. एक पेटी, एक पाण्याची परात, एक पंप, एवढेच दुकान.

जाताना आम्ही मुलाची सायकलही ढकलत नेली. का कोण जाणे, एकटे नवे चाक घेऊन त्या झाडाखाली जायला लाज वाटली.

मिस्त्रीने आमचे चाक हातात घेतले नि तारा मोजल्या. "चोवीसच? आमच्या टायमाले मागच्या चाकात चाळीस तारा राहत, पुढच्यात बत्तीस. दोन मण गहू लादा नाही तर बायको-पोरगं बसवा." मग त्याने एकेक तार बोटाने छेडली. उजवीकडची तार 'टिण्ण' वाजली, डावीकडच्या दोन-तीन नुसत्या 'थप्प'. "आयका," तो म्हणाला, "तार बोलते. हे इकडच्या ढिल्ल्या झाल्या. तार तुटते ते वजनानं नाही भाऊ, ढिलेपणानं तुटते."

आम्ही घरी येऊन याचा विचार केला नि जे वाचले त्याच्याशी ताडून पाहिले. म्हातारा अक्षरशः खरे बोलला होता. बैलगाडीच्या चाकाचे आरे लाकडी, ते खालून वजन उचलून धरतात. सायकलीची तार इतकी बारीक, की ती दाबली तर वाकेल. म्हणून तिला आधीच ताणून ठेवलेले असते. इंग्लंडच्या जॉर्ज केली या गृहस्थाला ही ताणलेल्या तारांच्या चाकाची कल्पना १८०८ साली सुचली, त्यावेळी सायकलही जन्मली नव्हती. आपण बसलो की जमिनीकडच्या तीन-चार तारांचा ताण थोडा कमी होतो, चाक फिरले की पुन्हा भरतो. दर फेरीला प्रत्येक तारेचे असे होते. मूळ ताण भरपूर असेल तर काही बिघडत नाही. तार ढिली असेल तर ती दर फेरीला पूर्ण सैल पडते, झटका खाते, आणि हबपाशी जिथे तिला बाक असतो तिथे एक दिवस तुटते. मागच्या चाकात उजवीकडे कॅसेटला जागा द्यायची म्हणून त्या बाजूच्या तारा जास्त उभ्या नि जास्त ताणलेल्या असतात. डावीकडच्यांचा ताण त्याच्या निम्म्याहून थोडा अधिक. म्हणून नव्या चाकात आधी डावीकडच्या सैल पडतात. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरांनंतर एकदा तारा पुन्हा सारख्या करून घ्यायच्या असतात. हे कोणी आम्हाला सांगितले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते.

हे आम्ही पोरांच्या आईला समजावून सांगू लागलो तर तिने मशीन न थांबवताच म्हटले, "त्यात काय? वरच्या अन् खालच्या धाग्याचा ताण सारखा नसला की टाका सुटतेच." आमचे व्याख्यान तेथेच संपले.

मिस्त्रीची पेटीतली किल्ली आमच्या नव्या निपलांना मोठी पडली. आम्ही दीडशे रुपयांची बारीक किल्ली आणून दिली. आमच्या तारा चपट्या, किल्ली फिरवली की तारच पिळली जाई. त्याने मग एका हाताने पकडीने तार धरली नि दुसऱ्याने पाव-पाव आटा दिला. सायकल उलटी, अंगठा ब्रेकला टेकवलेला, नखाची टोक रिमपासून केसभर दूर. चाक फिरवायचा, नखाला जेथे लागेल तेथे थांबायचा. ना यंत्र, ना काटा. अर्ध्या तासात चाक असे फिरू लागले, की नखाची फट सगळीकडे सारखी. मग त्याने मुलाची सायकल घेतली. तुटका एक्सल काढला, छर्रे परातीत रॉकेलने धुतले, चार झिजलेले फेकून नवे टाकले, ग्रीस भरले, कोन बसवले. त्या चाकाच्याही तारा त्याने छेडून पाहिल्या, न सांगता.

पैसे विचारले. मुलाच्या सायकलीचे सामान धरून साडेचारशे, आमच्या चाकाचे साठ. आम्ही दोनशे पुढे केले. त्याने साठच घेतले. म्हणाला, "तुमचं चाक भारी असंल, माझी मेहनत तेवढीच होय."

आमचे वडील जुम्मा तलावाजवळच्या एम्प्रेस मिलमध्ये होते. टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली ती मिल. आज तेथे मॉल उभा आहे. पाळी सुटली की सायकलींचा लोंढा निघे, त्यात वडिलांची काळी अॅटलस. त्या कंपनीचेही दिवस फिरले. तिचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला, आणि तो दिवस जागतिक सायकल दिनाचा होता! वडील दर रविवारी अंगणात सायकल उलटी करून तारा छेडत बसत. आम्ही समजत होतो, त्यांना काही काम नाही. त्या झाडाखाली मिस्त्रीचे बोट तारेवर फिरताना पाहून आम्हाला तो आवाज ओळखीचा वाटला.

मुलाची सायकल आता चालू आहे. सकाळी सव्वासातला तो निघतो. मागच्या मंगळवारी आम्ही बुटीबोरीहून परत येताना अजनीजवळ तो दिसला. शर्टाची बाही वर केलेली, पाठीला दप्तर. आम्ही मागून गाठले. थोडा वेळ दोघे सोबत चाललो. त्याने आमच्या मागच्या चाकाकडे वाकून पाहिले नि म्हणाला, "बाबा, आता खर्र होत नाही."

"नाही होत."

"रविवारी मी एकदा घेऊ का तुमची? फुटाळ्यापर्यंतच."

रविवारी आमची रात्रपाळी असते. दिवसा आम्ही झोपतो. शनिवारी कामावर जाण्यापूर्वी आम्ही सीट दोन बोटे खाली केली, जुन्या उंचीवर काळ्या टेपची खूण करून ठेवली नि पुढे-मागे हवा भरली. त्याचे वजन आमच्याहून कमी, म्हणून मागे ७० पुरे.